दिवस भरण्याआधी

फिलाडेल्फिया, जुलै. खड्ड्यात उतरायला
अकरा पायऱ्यांची शिडी.
मी ब्रशने माती झाडते, चमच्याने खरवडते.
वर कठड्याला टेकलेले लोक विचारतात,
सोनंबिनं सापडलं का?

सापडला तो एक बाक.
सरळ चाललेली भिंत
मध्येच पोटासारखी पुढे आलेली.
इथे उंच, अर्धगोल खिडकी होती;
तिच्यापाशी उभं राहून एका कोवळ्या देशाने
पाहुण्यांपुढे मान लववायचा सराव केला.

आणि त्या बाकापासून सात पावलांवर
(माझ्या पावलांनी)
स्वयंपाकघराचा पाया.
मधे जमिनीखालून एक बोळ:
ताट दिसावं,
ताट आणणारं माणूस दिसू नये.

घर कधीचंच पाडलंय.
वर दुकानं आली, दुकानं गेली.
माझ्या लहानपणी इथे सार्वजनिक संडास होता.
आई मला दंडाला धरून घेऊन आली होती एकदा,
पिवळा फ्रॉक वर धरून उभी राहिली होती दाराशी,
घाई कर म्हणत.
कुणाच्या माथ्यावर घाई करत होतो आम्ही,
तिलाही ठाऊक नव्हतं.

तुझं नाव मला माहीत नाही.
हिशेबाच्या वहीत एवढंच:
धोबीण, एक. बुटांचा जोड, एक.
टॅमर हे माझ्या पणजीच्या बहिणीचं नाव.
सध्या ते वापर.

तर टॅमर, या राज्याचा कायदा असा होता:
बाहेरून आणलेला गुलाम
सलग सहा महिने इथे राहिला
की त्याला सुटका मागता येई.
तुला वाचता येत नसेल,
पण सोमवार मोजता येत होते.
सोमवार म्हणजे धुणं.
चादरी, हातरुमाल, झालरीच्या बाह्या,
मेजावरचं ते लांबलचक पांढरं कापड
ज्यावर दारूचे डाग रोज नव्या ठिकाणी.
सव्वीस सोमवार झाले की दिवस भरले.
निळीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून
तू मोजत असशील,
पोटुशी बाई मोजते तसे,
कुणाला न सांगता.

पंचविसाव्या सोमवारी कारभारी आला असेल.
धुणं राहू दे, नदीपलीकडे जायचंय,
बाईसाहेबांच्या सोबतीला.
दोन दिवस. हवापालट.

हवापालट!
होडीतून डेलावेअर ओलांडली,
पलीकडे एक रात्र काढली,
आणि परतलीस तेव्हा पाटी कोरी.
पुन्हा सोमवार पहिला.
चाबूक उगारला नाही, बेडी वाजली नाही,
नुसती एक सहल.
दिवस भरूच द्यायचे नाहीत, बस्स.

मी शाळेत गणितात कच्ची होते.
हे गणित मला कुणी घातलंच नाही.

इथे मला लिहावंसं वाटतं
की दुसऱ्या सहलीच्या आदल्या रात्री तू निघालीस,
तो एक बुटांचा जोड हातात घेऊन, अनवाणी.
मग ते म्हणाले असतील,
खाल्ल्या मिठाला जागली नाही.
मीठ चोळून चोळून
तुझ्याच लोकांचे हात फाटले होते, ते सोड.
पण मातीला विचारलं तर ती असलं काही सांगत नाही.
ती देते कालवांचे शिंपले,
चिलमीची तुटकी नळी,
आणि काल, चुलीच्या दगडाखाली,
हाडाचं एक बटण. चार भोकं, त्यातलं एक फुटकं.
पिशवी क्रमांक तीनशे बारा.

लिअँडर टूम्स रोज बाराला येतात,
ट्रॉली चालवायचे, आता निवृत्त.
सँडविच खातात, काही विचारत नाहीत.
काल बटण वर धरलं
तेव्हा पहिल्यांदा बोलले, किती खोल?
नऊ फूट, मी म्हणाले.
त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं,
पुन्हा घातली.
एवढंच?

आज सोमवार.
वहीत तारीख घातली, हवा, मातीचा रंग,
आणि समासात,
जिथे काहीही लिहायची परवानगी नाही,
तिथे आकडा टाकला: सत्तावीस.